कॅप्टनला आत बसू देऊ नका

सेरंगून, सिंगापूर, २३ डिसेंबर

निशी,

सहा वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करायची, यातच दोन कागद वाया गेले. 'सप्रेम' लिहिलं तर तुला हसू येईल, आणि काहीच न लिहिता सुरू केलं तर म्हणशील, ताई अजून रुसलेलीच आहे. आहेच मी रुसलेली. पण ते भांडण आपण तू सुटून आल्यावर सावकाश भांडू.

हे पत्र तुझ्यापर्यंत कसं पोचेल ते आधी सांगते. मी याचे फोटो काढून नाविकांच्या मदतसंस्थेच्या फादरना पाठवणार. ते छापून शनिवारी भाजीच्या पेटीबरोबर तुमच्या जहाजावर आणणार. पहाऱ्यावरचे सैनिक ते आधी चाळणार आणि मग तुला देणार. तुमच्या कंपनीच्या वकिलांनी मला बजावलंय की देशाचं नाव लिहायचं नाही, खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही आणि कुणाला नावं ठेवायची नाहीत. इंजिन बंद पडलं म्हणून तुमच्या टँकरने परवान्याशिवाय त्यांच्या हद्दीत नांगर टाकला आणि ऑक्टोबरपासून तुम्हा सगळ्यांना तिथल्या धक्क्याला बांधून ठेवलंय, एवढं पेपरातच आलंय. तेवढं लिहायला हरकत नसावी. फोनमधल्या भाषांतराच्या यंत्रावर जो कुणी हे वाचत असेल त्यालाही माझा नमस्कार. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

काल तुझ्या निहारिकाचा फोन आला होता. ती आधी नुसती रडली. मी म्हटलं, बाई, काय झालंय ते तरी सांग. तेव्हा कळलं की पहाऱ्यावरच्या सैनिकांचा संघ फुटबॉलच्या आफ्रिका कपातला पहिला सामना जिंकला, त्या आनंदात मोठ्या सार्जंटने जप्त केलेले फोन आणले आणि तुम्हा प्रत्येकाला घरी पाच मिनिटं बोलू दिलं. इतक्या आठवड्यांनी तुझा आवाज ऐकला तिने. आईशीही तू बोललास. जहाज दुरुस्तीला लागलंय ही आमची थाप तू न ठरवता पुढे चालवलीस, फार बरं केलंस. आईला काही शंका नाही. ती फक्त विचारते, कसले मेले मेकॅनिक आहेत तिथले.

कुठल्या सामन्यात कोण जिंकलं यावर आजवर माझं काही अडलं नव्हतं. आता ते जिंकले की नाही यावर अडतंय. काल ऑफिसात बसून त्यांचे पुढचे सामने कधी आहेत ते शोधून काढलं. इथे हार्बरफ्रंटला मी दिवसभर काय करते, तुला माहीत आहे का? जहाजावरून उतरणाऱ्या माणसांची घरी जायची विमानाची तिकिटं काढते. आज रत्नागिरीच्या एका फिटरचं काढलं. त्याच्या बहिणीला ते साधं वाटत असेल.

जपून राहा. जेवत जा.

उर्मिला


२ जानेवारी

निशी,

दुसरा सामना बरोबरीत सुटला. बरोबरीला फोन मिळतो की नाही, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. निहारिकाला वाटलं, मिळेल. ती दिवसभर फोन हातात घेऊन फिरली, आंघोळीला जातानासुद्धा आईच्या हातात देऊन गेली. नाही आला. तिसरा सामना तर ते हरलेच. तरी गुणांच्या हिशेबात कसेबसे पुढच्या फेरीत गेलेत म्हणे. विवेकने मला ते कागदावर काढून समजावलं. बँकेतल्या माणसाशी लग्न करण्याचा एवढा एक फायदा.

तू बरा आहेस ना? हरल्यावर काय होतं तिकडे? हे विचारायचं नसेल तर वाचणाऱ्यांनी खोडावं.

एक गोष्ट तुलाच सांगण्यासारखी आहे, कारण विवेकला सांगितली तर तो मला वेड्यात काढील. पहिला सामना मी बघितला नाही, मला माहीतच नव्हता. ते जिंकले. दुसरा बसमध्ये फोनवर अर्धा बघितला. बरोबरी. तिसरा घरी सोफ्यावर बसून आमच्या श्रियाबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. आता हिशेब तूच कर.

हसू नकोस. हे खूळ माझ्या डोक्यात कुणी घातलं ते तुला चांगलं ठाऊक आहे. मी मास्टर्स झालेली बाई, पन्नाशी उलटलेली, आणि काल लिटिल इंडियात पोहे आणायला गेले होते ती देवळात शिरून नारळ देऊन आले. तिथले तमिळ गुरुजी इंग्रजीत विचारतात, कुणाच्या नावाने? परीक्षा आहे का? मी म्हटलं, फुटबॉलचा सामना आहे. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "लिव्हरपूल?" म्हणाले. मी मान हलवली. कुठे समजावत बसणार?

तर पुढचा सामना मी बघणार नाही. तो पहाटे आहे आणि मी पहाटे जागीच असते हल्ली, पण मी स्वयंपाकघरात बसेन.

उर्मिला


७ जानेवारी

निशी,

जिंकले, आणि फोनही मिळाला. निहारिकाने मला लगेच कळवलं. हुश्श म्हणून मी चहाचा घोट घेतला आणि ती हसत हसत पुढे म्हणाली, "ताई, गंमत ऐका, त्यांनी निशीला पनवती ठरवलंय!"

मग तिने सगळं सांगितलं. सामना तुमच्या मेसमधल्या मोठ्या टीव्हीवर बघतात. पुढे सैनिक, मागे तुम्ही लोक. गेल्या सामन्यात तू आत आलास आणि गोल बसला, बाहेर जाऊन परत आलास आणि दुसरा बसला. या वेळी तू दारात पाऊल टाकल्याबरोबर समोरच्यांनी गोल केला. तेव्हा मोठा सार्जंट उठला आणि म्हणाला, "कॅप्टन, बाहेर." तू डेकवर शिडीपाशी जाऊन बसलास, आणि त्यांनी दोन गोल करून सामना काढला. आता मेसच्या दारावर खडूने लिहिलंय म्हणे, 'कॅप्टनला आत बसू देऊ नका.' निहारिका हसत होती. तूही तिला हसतच सांगितलंस.

मी नाही हसले, निशी.

आपल्या ठाण्याच्या घरात शारजाची मॅच लागली की तू, बाबा, शिरीषकाका, समोरचे दोघं तिघं असे सगळे जमायचे. मी दारात आले आणि विकेट पडली, असं एकदा झालं, दोनदा झालं. मग तू ओरडायला लागलास, "ताई आली, ताई आली, पनवती!" मी तेव्हा बारावीत होते, तू सातवीत. सगळे हसायचे, मीही हसायचे. बाबा तुझ्यासारखं बोलायचे नाहीत. ते फक्त म्हणायचे, "उर्मी, जरा चहा टाक." सामना अटीतटीला आला की मला चहा टाकायला लागायचा. किती चहा केला असेल मी! कधी आत राहून शेवटची ओव्हर बघितली नाही. आणि याचं मला तेव्हा खरंच फार वाईट वाटायचं नाही. घरातली चेष्टा होती ती.

मग सहा वर्षांपूर्वी बाबा आयसीयूत होते. सुधारताहेत असं तूच फोनवर म्हणाला होतास. मी इथून रात्रीचं विमान पकडून विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आले, चपला काढून आत गेले, बाबांच्या पायाला हात लावला. आणि थोड्याच वेळात ते यंत्र वाजायला लागलं. डॉक्टरांनी आपल्याला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर तू माझ्याकडे बघून म्हणालास, "आलीस? झालं मग."

तेवढंच. मोठ्याने नाही, रागाने नाही. तुझ्या तोंडून सवयीने निघालं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवशी बाबा गेले, आणि तेव्हापासून मी कुणाच्या चांगल्या कामाला वेळेवर गेलेली नाही. शिरीषकाकांच्या अदितीच्या लग्नात मी मुहूर्त टळल्यावर हॉलमध्ये शिरले. तुझ्या मुकुलला बघायला बारशानंतर महिन्याने आले आणि तू घरी नसशील अशी वेळ धरून आले. निहारिकाला वाटतं, ताईंना सिंगापूरचा वारा लागलाय.

हे सगळं मी कधी तुला लिहिणार नव्हते. आता लिहिलं, कारण तुला कळायला हवं की ही गंमत कुठे जाते ते मला माहीत आहे. आपल्या घरात फार तर चहा टाकायला लागायचा. तिथे चेष्टा करणाऱ्यांच्या खांद्याला बंदुका आहेत. उद्या हरले तर? तू हसू नकोस, त्यांच्यात मिसळू नकोस, मॅचच्या वेळी केबिनमध्ये जा आणि दार लावून घे.

आणि हे वाचणाऱ्या भाऊ, तुम्हाला एक सांगते. माझ्या भावामुळे गोल बसत नाहीत. तुमचा डावीकडचा बचावपटू प्रत्येक वेळी पुढे पळतो आणि परत येत नाही. श्रियासुद्धा हेच म्हणते.

ताई


११ जानेवारी

निशी,

उपांत्यपूर्व सामनाही जिंकले. फोन मिळाला. आई खूश आहे, जहाज दुरुस्त होत आलंय असं तू तिला म्हणालास.

मला आनंद व्हायला हवा. विवेक म्हणतो, "त्यांनी त्याला वाळीत टाकलं नाहीये, देव्हाऱ्यात बसवलंय. मासे आणि भात पाठवतात त्याला. तू कशाला घाबरतेस?" म्हणूनच घाबरते. तुला केबिनमध्येसुद्धा राहू दिलं नाही, जहाजाच्या पार पुढच्या टोकाला नेऊन बसवलं, सोबत एक शिपाई दिला. जिंकले ते तू तिथे बसलास म्हणून. मग पुढचा सामना हरले तर कशामुळे? तेव्हा म्हणतील, कॅप्टन नीट बसला नव्हता, कॅप्टनने मान वळवून बघितलं. मला ठाऊक आहे, कारण तू हेच केलं होतंस. मी स्वयंपाकघरात असतानाही विकेट पडली की तू धावत यायचास, मी फटीतून डोकावले का ते बघायला.

त्या दिवशी ऑफिसात मी मनिलाच्या एका स्वयंपाक्याचं तिकीट मुंबईचं काढलं. बरं झालं, त्याने स्वतः फोन करून विचारलं, "मॅडम, व्हाय मुंबई?" माझी साहेबीण नीलिमा मला म्हणाली, "उर्मिला, घरी जा थोडे दिवस." घरी जाऊन करू काय? घरी डाळ जळते.

विवेक पुन्हा पुन्हा सांगतो की चेंडूला तुझा भाऊ कुठे बसलाय हे कळत नाही. मलाही ते पटतं. दिवसभर पटतं. पण उपांत्य सामन्याची पहाट जवळ आली की मला स्पष्ट दिसतं, मी बघितलं तर ते हरतील, आणि ते हरले तर तुझं काही खरं नाही. तेव्हा मी टीव्हीच्या खोलीतच काय, घरातही राहणार नाही. फोनसुद्धा जवळ ठेवणार नाही, नाहीतर हात शिवशिवतो.

दुसरी भीती सांगू की नको? हा कप आठवड्याभरात संपेल. जिंकले तरी संपेल. मग तुम्हाला फोन कुठल्या आनंदात मिळणार? सुनावणीची तारीख पडली म्हणतात, ती तरी टिकू दे.

तू तिथे पुढे बसशील तेव्हा अंगावर काहीतरी जाड घाल. तुमच्याकडे तेव्हा रात्र, समुद्रावर गारवा असेल. आणि खोकू नकोस.

ताई


१५ जानेवारी

निशी,

फोन तू ठेवलास, की तुझ्या हातातून काढून घेतला? आधी हे सांग. फादरना मी वेगळी मेल केली आहे, शनिवारची वाट बघू नका, आजच जहाजावर जाऊन या. ते म्हणाले, प्रयत्न करतो.

तुझ्या बाजूचं मला माहीत नाही, माझ्या बाजूचं तुला माहीत नाही. मी खाली बसले होते. आमच्या इमारतीच्या तळाला सगळी मोकळी जागा असते, व्हॉइड डेक म्हणतात इथे, दगडी बाकं असतात. तिथे बसून समोरच्या सायकली बघत होते. विवेक आणि श्रिया वर टीव्हीसमोर. फोन मुद्दाम वर, श्रियाच्या टेबलावर. एक चिनी आजोबा पहाटेचे व्यायाम करत होते, त्यांनी मला विचारलं, किल्ली विसरलीस का? मी हो म्हटलं.

मग श्रिया लिफ्टमधून धावत बाहेर आली. "ममा, फोन! सम अंकल, से ही इज युअर ब्रदर. आय ऑलमोस्ट कट, थॉट स्कॅम, ला!" तिने तुझा आवाज याआधी कधी ऐकलाय? ती नऊ वर्षांची होती तेव्हा.

तू म्हणालास, "ताई." मला पुढचं काही ऐकूच आलं नाही, तुला दोनदा सांगायला लागलं. मोठ्या सार्जंटनेच फोन दिलाय, सामना संपेपर्यंत कुणाशीही बोलत बस पण आत येऊ नकोस असं सांगून पुढच्या टोकाला बसवलंय, निहारिकाशी बोलून झालं, आईशी झालं. "आता तुझ्याशी," तू म्हणालास. "पण तू मॅच बघत असशील ना, मी मध्येच कडमडलो."

"मी खाली बसलेय," मी म्हटलं.

"खाली म्हणजे?"

"बाहेर."

तू म्हणालास, "तूसुद्धा?"

मी हो म्हटलं आणि मला रडू फुटलं, आणि ते तुला कळू नये म्हणून मी भलतंच काहीतरी बोलायला लागले. तेव्हा ते ट्रान्झिस्टरचं सांगून टाकलं. तुम्ही मला चहाला पिटाळायचात ना, तेव्हा मी कणकेच्या डब्यामागे बाबांचा छोटा ट्रान्झिस्टर बारीक आवाजात लावून ठेवायचे. प्रत्येक चेंडू ऐकायचे. तुमच्याआधी मला कळायचं. आणि तरीही आपण किती सामने जिंकलो! पण मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही ट्रान्झिस्टर काढून घेतला असतात. तू इतका हसलास की तुझ्याबरोबरच्या शिपायाने तुला काहीतरी विचारलं. तुझं हसणं अगदी बाबांसारखं झालंय. हे तुला कुणी सांगितलंय का?

मग आपण काय काय बोललो. मुकुलच्या दातांबद्दल बोललो, आईच्या गुडघ्याबद्दल बोललो. तू म्हणालास, इथून मेसमधला आवाज येतो पण काय चाललंय ते कळत नाही, ओरडतात ते आनंदाने की दुःखाने ते पण कळत नाही. "बाहेर बसलं की सगळं ऐकू येतं गं ताई," म्हणालास. मी म्हटलं, हो, येतं.

आणि मग तू आवाज बदलून म्हणालास, "ताई, त्या दिवशी हॉस्पिटलात मी..."

तेवढ्यात मागून तो ओरडा आला. मला इथे सेरंगूनमध्ये ऐकू आला. आणि फोन बंद.

मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेले. दार उघडंच होतं. विवेक उभा होता, श्रिया तोंडावर हात धरून बसली होती. शेवटच्या मिनिटाला गोल बसला होता. हरले.

निशी, ते राहिलेलं वाक्य राहू दे. मला ते नको. खरंच नको. मार लागलेला तुझा फोटो येऊ नये, एवढंच मागते आहे मी देवाकडे. तू नीट आहेस हे कुणाकडून तरी कळव.

ताई


१८ जानेवारी

निशी,

फादर भेटले तुला. त्यांनी लिहिलेलं मी इतक्यांदा वाचलं की श्रियाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. तुला कुणी बोट लावलं नाही. हरल्यावर मोठा सार्जंट मेसमधून उठून तुझ्याकडे आला, फोन मागून घेतला आणि तुझ्याशेजारी लोखंडावर बसून राहिला. फादरना तो म्हणाला, "कॅप्टन बाहेर होता तरी हरलो. आता मी कुणाला बाहेर बसवू?" मला त्या माणसाचा पहिल्यांदा राग आला नाही. दारावरचं खडूचं लिहिलेलं त्याने स्वतः पुसलं, हे वाचून तर मी त्याच्या घरच्यांचं सगळं भलं होवो असं म्हटलं.

सुनावणी अठ्ठावीसला आहे. तुम्हा अधिकाऱ्यांना मेसमध्ये लॅपटॉपसमोर बसवून कोर्टाशी जोडणार आहेत, आणि घरच्यांना वकिलांच्या इथल्या ऑफिसातून बघता येईल. निहारिका ठाण्याहून जोडली जाईल. ती म्हणते, "ताई, तुम्ही तिथे पाहिजेत. वकिलांची भाषा तुम्हाला कळते." मी तिला सांगितलं, विवेक जाईल.

यात तुझा राग नाही, हे तुला सांगायला लिहिते आहे. फुटबॉलच्या सामन्यात ते हरले तर हरले. पण तुला वर्षभर ठेवतात की सोडतात, ते त्या दिवशी ठरणार आहे. त्या खोलीत माझे पाय नकोत. तुला समजेल. आता तरी समजेल.

ताई


२८ जानेवारी

निशी,

हे पत्र फादरकडे पाठवायचं नाही, तुझ्या हातातच देईन. तरी आज लिहून ठेवते, कारण तू भेटलास की आपण खाण्यापिण्याचंच बोलू आणि मुकुल मध्ये मध्ये करील.

मी जाणार नव्हते. दुपारी विवेक बूट घालत होता आणि निहारिकाचा फोन आला. "ताई, मी एकटी नाही बघू शकत. तुम्ही नसलात तर मीही लावणार नाही." तिला मी हॉस्पिटलातलं कधी सांगितलेलं नाही. सांगावंसं वाटलं, पण मुकुल तिच्या मांडीवर होता. मी साडी बदलली आणि निघाले.

वकिलांच्या ऑफिसात लांब टेबल होतं, भिंतीवर मोठा पडदा. मी दाराजवळची खुर्ची धरली, म्हणजे निघता येईल. पडद्यावर एका चौकटीत न्यायाधीशबाई, एकीत वकील, एकीत निहारिका, एकीत आम्ही, आणि एकीत तुम्ही चौघं. तुझी दाढी पांढरी झालीये. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या वकिलांनी इंजिनाचे कागद दाखवले तोवर मी ठीक होते. मग सरकारी वकील बोलायला उठला आणि त्याचा आवाज असा काही चढला की न्यायाधीशबाई मान खाली घालून लिहायला लागल्या. मला कळलं, हे आता जाणार. मी आले आणि हे जाणार. मी पर्स उचलली, खुर्ची मागे सरकवली आणि अर्धी उठले.

आणि तू भर कोर्टात मराठीत बोललास.

"ताई, उठू नकोस."

सरकारी वकील थांबला. न्यायाधीशबाईंनी वर बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "कॅप्टन, हे तुम्ही काय म्हणालात?" तू मान ताठ करून म्हणालास, "क्षमा करा. माझी बहीण उठत होती. मी तिला बसायला सांगितलं. ती बसलेली असली की मला बरं वाटतं."

बाईंनी त्यांच्या चौकटीतून आमच्या चौकटीकडे बघितलं, थेट माझ्याकडे. "बसा," म्हणाल्या. मी बसले.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. दंड कंपनीने भरायचा, जहाज आणि माणसं सोडायची. निहारिका मुकुलला उचलून नाचायलाच लागली, तिची चौकट सगळी हलत होती. इथे वकील उभे राहिले, विवेक उभा राहिला, सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते. मी पडद्याकडे बघत होते, पण तुम्हा लोकांची चौकट तेवढ्यात बंद झाली.

दिवे मालवायला मुलगी आली तरी मी खुर्चीतच होते. विवेक म्हणाला, "ऊठ आता, झालं सगळं."

मी म्हटलं, "निशीने अजून ऊठ म्हटलेलं नाही."

ताई